खालच्या दाढेची भूल देताना या चुका टाळा

"डॉक्टर, ओठ जड झालाय, पण दाढ अजून ठणकतेय." पेशंट असं म्हणाला की नवीन डॉक्टरचा हात लगेच दुसऱ्या सिरिंजकडे जातो. आधी घड्याळ बघा. ब्लॉक, म्हणजे खालच्या जबड्याच्या नसेजवळ भुलीचं इंजेक्शन, दिल्यावर ओठाला मुंग्या ३ ते ५ मिनिटांत येतात, पण दाढ पूर्ण बधिर व्हायला त्याहून वेळ लागतो. दहा मिनिटं जाऊ द्या. मग प्रोबने हिरडी टोचून बघा. जिभेकडची हिरडी बधिर आहे आणि गालाकडची दुखतेय, तर ब्लॉक चुकलेला नाही, तुम्ही लाँग बक्कल नर्व्हचं, म्हणजे गालाकडच्या हिरडीच्या नसेचं, इंजेक्शन द्यायला विसरलात. ओठच जड झाला नसेल तर मात्र ब्लॉक चुकला. बहुतेक वेळा सुई खाली टोचलेली असते. पुढच्या वेळी थोडी वर टोचा.

माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे सुई हाडाला लागलेली नसताना औषध सोडणं. सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर (सुळ्यामागच्या लहान दाढेवर) ठेवून सुई आत नेली की प्रौढ माणसात साधारण २० ते २५ मिलिमीटरवर हाड लागायला हवं. अर्धीही आत गेली नाही आणि हाड लागलं, तर टोक फार पुढे आहे. सुई थोडी मागे घ्या, सिरिंज पुढच्या दातांकडे वळवा आणि पुन्हा आत न्या. हाड लागतच नसेल तर टोक फार मागे गेलंय. सिरिंज दाढांकडे वळवा. हाड लागलं की सुई मिलिमीटरभर मागे घेऊन मगच औषध सोडायचं.

हे मी शिकले ते एका मावशींमुळे. इंटर्नशिपमध्ये हाड लागण्याची वाट न बघता मी औषध सोडलं. औषध कानापुढच्या पॅरोटिड लाळग्रंथीत गेलं, चेहऱ्याची नस बधिर झाली आणि पाच मिनिटांत मावशींची त्या बाजूची पापणी मिटेना. त्या घाबरून माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. "मावशी, हा लकवा नाही, भूल उतरली की डोळा मिटेल," असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. डोळा कोरडा पडू नये म्हणून पापणी हाताने मिटवून वर पट्टी लावली. काही तासांत सगळं पूर्ववत झालं, पण त्या तासांत त्यांनी काय सोसलं ते मी पाहिलंय.

सुईची लांबीही बघून घ्या. आपल्याकडे २ मिलीच्या डिस्पोजेबल सिरिंजबरोबर बऱ्याचदा १ इंचाची सुई येते. २५ मिलिमीटर आत जायचं म्हणजे ती मुठीपर्यंत घुसणार, आणि सुई तुटते ती बहुधा मुठीपाशीच. मग तुटलेला तुकडा चिमट्याला सापडत नाही. ब्लॉकसाठी दीड इंची सुई घ्या आणि ती वाकवू नका. टोक हाडावर दोन-तीनदा आपटलं असेल तर सुई बदला.

अ‍ॅस्पिरेट करायला, म्हणजे औषध सोडण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का ते बघायला, वेळ नाही, हे कारण मला मान्य नाही. या ब्लॉकमध्ये १० ते १५ टक्के वेळा सिरिंजमध्ये रक्त येतं. रक्त आलं तर जागा बदला, पुन्हा अ‍ॅस्पिरेट करा आणि मिनिटाला १ मिलीपेक्षा जास्त वेगाने औषध सोडू नका.

डोस वजनावरून ठरवा. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाच्या २ टक्के द्रावणात, १ मिलीत २० मिलिग्रॅम औषध असतं. किलोला ४.४ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिली, त्यापुढे नाही. हृदयरोग्यात भुलीत मिसळलेल्या अ‍ॅड्रेनलिनवरही लक्ष हवं: ०.०४ मिलिग्रॅमची मर्यादा १:८०,००० च्या औषधात ३.२ मिलीतच गाठली जाते.

ट्रेवर एकसारख्या दिसणाऱ्या दोन सिरिंज ठेवू नका. रूट कॅनल धुवायचं हायपोक्लोराइटही अनेक क्लिनिकमध्ये तशाच सिरिंजमध्ये भरतात. ते भूल समजून टोचलं गेलं तर पेशी जळतात, तोंड सुजतं. हायपोक्लोराइटची सिरिंज वेगळ्या आकाराची ठेवा, तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा, आणि भूल स्वतः लेबल वाचून भरा. भुलीच्या ३० मिलीच्या वायलमध्ये (बाटलीत) वापरलेली सुई किंवा सिरिंज पुन्हा घालायची नाही, पेशंट तोच असला तरी.

काम झाल्यावर सुईचं टोपण दोन हातांनी लावू नका. टोपण ट्रेवर ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवा.

मूल असेल तर घरी जाण्याआधी आईशी बोला. ओठ तीन-चार तास बधिर राहतो आणि मुलं तो चावत बसतात. दुसऱ्या दिवशी सुजलेला, पांढरट पडलेला ओठ बघून घर हादरतं. मी मुलाच्या हातात आरसा देते, ओठ दाखवते आणि आईला सांगते, "ताई, संध्याकाळपर्यंत पोळी-भाजी नको, फक्त दूध किंवा गार पेज द्या, आणि याच्यावर नजर ठेवा."