सर्व्हर-अपग्रेडची चाचणी फसल्यावर कार्यालयातील संगणक नेटवर्कवर परत कसे आणावेत

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ साठीचे मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. तो अजूनही चालवणाऱ्या कार्यालयाला नव्या आवृत्तीची चाचणी कधी ना कधी घ्यावीच लागते. चाचणी फसते, जुना सर्व्हर पुन्हा सुरू होतो, आणि तरीही सकाळी कोणाचे लॉगिन होत नाही की सामायिक फोल्डर उघडत नाही. अशा वेळी प्रत्येक टेबलापाशी जाऊन संगणक डोमेनमधून (कार्यालयातील सर्व खाती व संगणक एकत्र सांभाळणाऱ्या गटातून) काढून पुन्हा जोडण्याची घाई करू नये, कारण दोष बहुधा संगणकात नसतो.

सर्वप्रथम, उत्तर देणारा सर्व्हर एकच उरला आहे याची खात्री करावी. मात्र चाचणीच्या सर्व्हरची केबल काढण्यापूर्वी, तो चालू डोमेनचा डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) झाला होता का, हे तपासावे. झाला असेल तर जुन्या सर्व्हरवर ‘नेटडॉम क्वेरी एफएसएमओ’ ही आज्ञा देऊन पाचही भूमिका (एका वेळी एकाच डोमेन कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) कोणाकडे आहेत ते पाहावे. त्या नव्याकडे गेल्या असतील आणि तो चालू असेल, तर त्या रीतसर परत घेऊन मगच त्याचे डोमेन कंट्रोलरचे पद काढावे. तो बंदच पडला असेल तर भूमिका जुन्या सर्व्हरवर सक्तीने घ्याव्यात, पण त्यानंतर नवा सर्व्हर आहे त्या स्थितीत नेटवर्कला पुन्हा कधीही जोडू नये.

आता एकच संगणक निवडून त्यावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘स्लॅश ऑल’सह चालवावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (संगणकांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळालेलाच नाही. जुन्या सर्व्हरवरील ती सेवा चालू आणि डोमेनमध्ये अधिकृत आहे का, हे तेथे जाऊन पाहावे. पत्ता बरोबर असेल तर डीएनएसची (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची) ओळ वाचावी. माझ्या मते निम्म्याहून अधिक त्रास याच ओळीत असतो: तेथे चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता राहिलेला असतो, किंवा तात्पुरती सोय म्हणून कोणीतरी ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) भरून ठेवलेले असते, त्यामुळे इंटरनेट व्यवस्थित चालते पण डोमेन सापडत नाही. असा बाहेरचा पत्ता दुसऱ्या क्रमांकावरही ठेवू नये. डीएचसीपीची सेटिंग्ज दुरुस्त केल्यावर ‘रिलीज’, ‘रिन्यू’ आणि ‘फ्लशडीएनएस’ हे ‘आयपीकॉन्फिग’चे पर्याय याच क्रमाने चालवावेत. विंडोजमध्ये पत्त्याची मुदत मुळात ८ दिवसांची असते आणि चालू संगणक निम्मी मुदत उलटेपर्यंत सर्व्हरला पुन्हा विचारत नाही, म्हणून नुसती वाट पाहून उपयोग नाही. हाताने पत्ता भरलेले संगणक वेगळे शोधावे लागतात.

त्यानंतर ‘एनएसलुकअप’ने सर्व्हरचे नाव विचारावे. चुकीचा पत्ता आला तर जुन्या सर्व्हरवर ‘आयपीकॉन्फिग’ ‘स्लॅश रजिस्टरडीएनएस’सह चालवून नेटलॉगॉन सेवा पुन्हा सुरू करावी, म्हणजे डोमेनच्या नोंदी नव्याने लिहिल्या जातात. घड्याळही पाहावे: संगणक आणि सर्व्हर यांच्या वेळेत ५ मिनिटांहून अधिक फरक असेल तर कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवणारी पद्धत) ओळख नाकारते.

एवढे करूनही ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ (संगणक व डोमेन यांच्यातील विश्वासाचे नाते) तुटल्याचा संदेश येत असेल, तर कारण वेगळे आहे. प्रत्येक संगणकाचा डोमेनशी एक गुप्त पासवर्ड असतो आणि तो साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो. जुना सर्व्हर आधीच्या बॅकअपमधून उभा केला असेल तर त्याच्याकडे त्या संगणकाचा शिळा पासवर्ड असू शकतो. अशा संगणकावर स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून शिरून पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत) ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल’ ही आज्ञा ‘रिपेअर’ आणि ‘क्रेडेन्शियल’ या पर्यायांसह द्यावी व डोमेन ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते भरावे. स्थानिक पासवर्ड आठवत नसेल तर नेटवर्कची केबल काढून, त्या संगणकावर पूर्वी वापरलेल्या डोमेन खात्याने शिरता येते, कारण अलीकडची लॉगिन्स तेथे साठवलेली असतात. त्या खात्याला संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असतील तर दुरुस्तीही होते. आत शिरल्यावर केबल परत लावावी.

चाचणीत त्याच नावाचे पण नवे डोमेन उभारून काही संगणक त्याला जोडले असतील, तर ते मात्र जुन्या डोमेनला पुन्हा जोडावेच लागतात. नव्या डोमेनमधील खाते नावाने सारखे असले तरी विंडोजसाठी ते वेगळे असते, म्हणून त्या काळात डेस्कटॉप रिकामा दिसतो. चाचणीदरम्यान साठवलेले काम ‘यूझर्स’मधील दुसऱ्या फोल्डरात असते, ते तपासल्याशिवाय काहीही पुसू नये.

शेवटी संगणक केबल लावलेल्या स्थितीत रीस्टार्ट करून लॉगिन करावे, सामायिक फोल्डरात एक फाइल साठवून पाहावी, एक पान छापावे, आणि मगच पुढच्या टेबलाकडे वळावे.