ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकण्याआधी जुना मुळापासून काढा

"मामा, स्क्रीन काळी पडलीया. पंखा फिरतोय, पण काहीच दिसंना." पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीहून भाच्याचा फोन आला. ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकायला घेतला होता आणि अर्ध्यावर लाईट गेली. खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. तारेवर फांदी पडली की लाईट कधी येईल याचा भरवसा नाही. त्यांच्या घरातला इन्व्हर्टर दोन बल्ब आणि एका पंख्यापुरता. जुना ड्रायव्हर अर्धा निघालेला, नवा अर्धा बसलेला, आणि विंडोजला कुणाचं ऐकावं ते कळेना.

भिंतीचे पोपडे न खरवडता वर नवा रंग दिला तर तो महिनाभरात पोपड्यांसकट निघून येतो. ड्रायव्हरचंही तसंच आहे. कार्ड आणि विंडोज यांच्यात दुभाष्याचं काम करणारी ही फाइलींची आणि नोंदींची मोठी जुडी. नेहमीच्या अपडेटमध्ये जुन्या जुडीतलं थोडंफार मागे राहतं. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो: सगळं सुरळीत चालू असेल तर नवा ड्रायव्हर जुन्यावरच सरळ टाका, तेवढं पुरे. पूर्ण सफाई करायची ती इन्स्टॉलेशन अर्ध्यावर तुटलं असेल, स्क्रीन अधूनमधून काळी पडत असेल, गेम किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडताच बंद होत असेल, किंवा एनव्हिडियाचं कार्ड काढून एएमडीचं बसवलं असेल तरच.

आणि दोष ड्रायव्हरचाच आहे ना, हेही बघा. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात ज्यांच्या घरात माग आहे त्यांच्या कॉम्प्युटरात सुताचे बारीक तंतू शिरतात. अशाच एका घरी साडीच्या डिझाइनचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. बाजूचं झाकण उघडलं तर कार्डाच्या पंख्यामागच्या पात्यांवर तंतूंचा राखाडी थर नमद्यासारखा दाटून बसला होता. बोटाने ओढला तर अख्खा तुकडा निघाला. कार्ड पार तापायचं. मऊ ब्रशने साफ केलं आणि तक्रार मिटली, ड्रायव्हरला हात लावावाच लागला नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, क्लिक केलं की तापमान दिसतं, आधी ते तपासा.

आधीची तयारी

यात घाई करू नका. सफाई सुरू झाली की तुमच्याकडे इंटरनेट नसेल आणि स्क्रीनवर अक्षरं मोठी, फाकलेली दिसतील. तेव्हा लागणारं सगळं आधीच हाताशी हवं.

कार्ड कोणतं ते बघा. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, डीएक्सडायग (dxdiag) असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा, डिस्प्ले या टॅबवर नाव मिळेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये सध्याच्या ड्रायव्हरचा क्रमांक असतो. एनव्हिडियाचा क्रमांक तिथे वेगळाच दिसतो, पण त्यातले शेवटचे पाच आकडे घ्यायचे. ३१.०.१५.३६२३ असेल तर शेवटचे पाच म्हणजे ५३६२३, म्हणजेच ड्रायव्हर ५३६.२३. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण नव्याने त्रास दिला तर परत यायचं ठिकाण हेच.

ड्रायव्हर फक्त एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या मूळ वेबसाइटवरूनच उतरवा. "तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत" असं सांगणारी फुकटची ॲपं घेऊ नका. भलत्याच गोष्टी बसवणारी पुष्कळ पाहिली आहेत. एनव्हिडियाच्या साइटवर गेम खेळणाऱ्यांनी गेम रेडी, डिझाइन किंवा व्हिडिओ करणाऱ्यांनी स्टुडिओ ड्रायव्हर घ्यावा. फाइल कित्येकशे एमबीची असते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर आजचा डेटा किती उरलाय ते आधी बघा. लॅपटॉप असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर अधिक भरवशाचा, कारण तिथे बहुधा दोन ग्राफिक्स चिप एकत्र काम करत असतात.

कार्ड जुनं असेल तर सर्वात नवी फाइल चालेलच असं नाही. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरांत एनव्हिडियाचं जीटी ७१० अजून दिसतं. ते केप्लर पिढीचं, त्याच्यासाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. जीटीएक्स १०५० टीआयसारख्या पास्कल पिढीच्या कार्डांसाठी ५८० ही शेवटची. वेबसाइटवर आपल्या कार्डाचं नाव निवडूनच शोधलं की ही चूक होत नाही.

याच बैठकीत जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, त्याच्या निर्मात्याच्या म्हणजे वॅगनार्डसॉफ्टच्या साइटवरून उतरवा. हे फुकट आहे. डीडीयू, नवा ड्रायव्हर आणि मिळाला तर जुन्या ड्रायव्हरची फाइल, तिन्ही डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवा. पेन ड्राइव्हवर एक प्रत असू द्या.

आता दोन गोष्टी, ज्यांवर सर्वात जास्त लोक अडकतात. पहिली: सफाई सेफ मोडमध्ये करायची, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्याच गोष्टींवर उघडून. तिथे चार आकडी पिन अनेकदा चालत नाही, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो आठवतोय का, हे आत्ताच बघा. दुसरी: विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. मग सेफ मोडला जाताना बिटलॉकरची, म्हणजे या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर आपल्या अकाउंटमध्ये लॉगिन केलं की ती मिळते. मोबाइलवर फोटो काढून आणि कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर पुढे जाऊ नका.

रिस्टोर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीत परत नेता येईल. कार्डाच्या सेटिंगमध्ये रंग, रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते तो हर्ट्झमधला आकडा), दोन मॉनिटर असं काही बसवून ठेवलं असेल तर त्या स्क्रीनचे मोबाइलने फोटो घ्या, कारण सफाईत ते सगळं जातं. आणि इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर वाऱ्यापावसाच्या दिवशी हे काम हातात घेऊच नका.

सफाई

लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा. हे का, तर जुना ड्रायव्हर गेला की विंडोज अपडेट मागच्या मागे स्वतःकडचा ड्रायव्हर आणून बसवतं आणि आपली मेहनत वाया जाते.

स्टार्ट मेनूत शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा. निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट. यादी आली की ४ दाबा. ५ दाबलं तर नेटवर्क सुरू राहतं, ते आपल्याला नको. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमधूनही सेफ मोडला जाता येतं, पण मी तसं करू देत नाही. तिथली खूण काढेपर्यंत कॉम्प्युटर दर वेळी सेफ मोडमध्येच उघडतो, आणि पासवर्ड विसरला असाल तर तिथून बाहेर पडणं कठीण होतं.

सेफ मोडमध्ये डीडीयू उघडा. उजवीकडे जीपीयू निवडा, त्याखाली कार्डाची कंपनी निवडा आणि "क्लीन अँड रिस्टार्ट" दाबा. कार्डच बदलायचं असेल तर "क्लीन अँड शटडाउन". काही मिनिटं स्क्रीन लुकलुकेल, हात लावू नका.

पुन्हा सुरू झाल्यावर चिन्हं भली मोठी दिसतात. घाबरू नका. विंडोज आता मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टरवर चाललंय. खरवडलेली भिंत अशीच दिसते, म्हणजे जुनं नीट निघालं.

नवा ड्रायव्हर

इंटरनेट अजून बंदच ठेवा. उतरवलेली फाइल चालवा. एनव्हिडियात "कस्टम" निवडा. "क्लीन इन्स्टॉलेशन"वर खूण केली तरी हरकत नाही. सोबतचं ॲप नको असेल तर फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या. गेम खेळणाऱ्यांनी गेम रेडी, डिझाइन किंवा व्हिडिओ करणाऱ्यांनी स्टुडिओ ड्रायव्हर घ्यावा.

मधेच स्क्रीन दोन-तीन वेळा पूर्ण काळी होते, कधी पाच-दहा सेकंद. याच क्षणी लोक पॉवरचं बटण दाबतात. दाबू नका, थांबा. काम संपलं की रिस्टार्ट करा आणि मगच केबल जोडा.

स्क्रीन काळीच राहिली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ड्रायव्हर पुन्हा जागा होतो, बीप ऐकू येते. त्यानेही जमलं नाही तर मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लावा. भाच्याला मी फोनवर हेच सांगितलं होतं. त्याच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असल्याने लगेच चित्र आलं, आणि पुढच्या रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन जाऊन सफाई केली. नावापुढे एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये मात्र ही सोय नसते.

शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा क्रमांक आलाय का बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर सफाईनंतर ६० वर येऊन बसतो. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये तो परत १४४ करा. पहिल्या काही मिनिटांत गेम अडखळतील, कारण कार्ड आपली शेडरची, म्हणजे दृश्यं रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची, साठवण नव्याने बांधत असतं. दुसऱ्या दिवशीही अडखळत असतील तर जुन्या क्रमांकाची फाइल चालवून तो ड्रायव्हर परत बसवा. सफाईनंतर "रोल बॅक ड्रायव्हर" हे बटण चालत नाही, म्हणूनच ती पेन ड्राइव्हवर ठेवायला सांगितली होती.