जोडीने ब्रह्मदेश, हात राखून खर्च : या चुका टाळा

बगानजवळच्या न्याँग-ऊ गावात गेस्टहाउसच्या काउंटरवरची मुलगी आमची शंभर डॉलरची नोट ट्यूबलाइटसमोर धरून उभी होती. नोट खरी होती. फक्त मधोमध एक घडी पडलेली, कारण ती मी पासपोर्टच्या कव्हरात दुमडून ठेवली होती. मुलीने घडीवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि नोट अगदी अदबीने, दोन्ही हातांनी मला परत केली. आमच्याकडे अशाच घडीच्या आणखी चार नोटा होत्या. म्हणजे खिशात पाचशे डॉलर, आणि रात्रीच्या जेवणाची पंचाईत.

हे २०१९ च्या जानेवारीतलं. मी आणि नवरा तीन आठवडे ब्रह्मदेशात होतो, यांगून, बगान, इन्ले सरोवर आणि मंडाले असे. त्यानंतर तिकडे जाऊ पाहणाऱ्या जोडप्यांशी वेळोवेळी बोलणं होत असतं. माझ्या पाहण्यात जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे : पैसे वाचवायची जागा चुकते. खोली, जेवण, चहा, सायकल यांवर इथे खुशाल काटकसर करावी. नोटांची प्रत, दिवसाचा प्रवास, विमा आणि हातात राखलेले दोन-तीन मोकळे दिवस यांवर करू नये.

जुनी माहिती घेऊन निघणं

ही सगळ्यात मोठी चूक. स्वस्तात ब्रह्मदेश फिरण्याबद्दल जे भरभरून लिहिलं गेलं, ते बहुतेक २०१२ ते २०१९ या काळातलं आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली आणि त्यानंतर देशाच्या मोठ्या भागात युद्ध पेटलं. आमच्या वेळी पाठीवर सॅक घेतलेली जोडपी ज्या सीपॉ गावात डोंगर चढायला जायची, ते २०२४ साली बंडखोरांच्या ताब्यात गेलं आणि पुढच्या वर्षी लष्कराने परत घेतलं. राखाइन प्रांतात जाऊ नका, असं भारत सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्यावर २८ मार्च २०२५ चा ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मंडाले आणि सगाइंग उद्ध्वस्त झाले, इरावतीवरचा जुना आवा पूल पडला, इन्लेच्या पाण्यातली घरंही कोसळली.

म्हणून मी कुणालाही 'जाच' म्हणत नाही. तारखा ठरवण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची आणि यांगूनमधल्या भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा. ज्या हॉटेलात उतरणार आहात तिथे थेट विचारा, की या महिन्यात रस्ता कसा आहे, संचारबंदी किती वाजता लागते. दोघांपैकी एकाच्याही मनात किंतु असेल तर पुढे ढकला. स्वस्तात मिळालेलं तिकीट वाया जाईल म्हणून निघणं हे इथे चालत नाही. आणि प्रवास-विम्याची कागदपत्रं नीट वाचा. युद्ध आणि अंतर्गत अशांतता बऱ्याच पॉलिसींमधून वगळलेली असते, आणि ते बारीक अक्षरात असतं.

मणिपूरमार्गे मोरे-तामू सीमेवरून रस्त्याने मंडाले गाठायचं स्वप्न बऱ्याच जणांचं आहे. २०१८ साली ती सीमा व्हिसाधारकांसाठी खुली झाली, तेव्हा आम्हीही नकाशा काढून बसलो होतो. आता सीमेच्या दोन्ही बाजूंची परिस्थिती पाहता तो नकाशा गुंडाळून ठेवा. जायचं तर विमानानेच.

नोटांची काळजी न घेणं

आपल्याकडची कार्डं तिथे चालतील या भरवशावर राहू नका. डॉलर रोख न्यावे लागतात, आणि ते इस्त्री केल्यासारखे. घडी, शाईचा ठिपका, बँकेचा शिक्का, फाटलेला कोपरा, यातलं काहीही असलं की नोट परत येते, नाहीतर दर पाडून घेतात. भारतात पैसे बदलून घेतानाच प्रत्येक नोट उलटसुलट करून पाहा आणि नको ती तिथल्या तिथे बदलून मागा. संकोच करू नका. शंभराच्या नोटेला लहान नोटांपेक्षा चांगला दर मिळतो, म्हणून मोठा हिस्सा शंभरात ठेवा. आम्ही आता जाड पुठ्ठ्याच्या दोन पाकिटांत सपाट ठेवतो. एक माझ्या सॅकमध्ये, एक त्याच्या. दोघांचे पैसे एकाच ठिकाणी कधीच नाहीत.

दुसरी गोष्ट दराची. तिथलं चलन लिहितात क्यात, म्हणतात 'च्यात'. सरकारी दर डॉलरला २,१०० च्यातवर बांधून ठेवला गेला आणि बाजारातला दर त्याच्या दुपटीच्या आसपास गेला. त्यामुळे घरबसल्या कार्डाने डॉलरमध्ये बुक केलेली खोली आणि तीच खोली तिथे जाऊन च्यातमध्ये मागितलेली, यांच्या किमतीत मोठी तफावत पडू शकते. पहिली रात्र बुक करा, पुढचं तिथे. पैसे मात्र परवानाधारक दुकानातच बदला. रस्त्यावर 'चांगला दर देतो' म्हणणाऱ्याच्या हातात गड्डी फिरते आणि मोजायला गेलं की कमी भरते.

व्हिसाबद्दल थोडक्यात : पर्यटकाचा ई-व्हिसा माणशी ५० डॉलर, मुक्काम २८ दिवसांचा. जोडप्यांत एकजण दोन्ही अर्ज घाईने भरतो आणि नाव-आडनाव उलटसुलट करतो. पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

खोली घेताना

परदेशी माणसाला ठेवून घ्यायला तिथे वेगळा परवाना लागतो. प्रत्येक लॉजकडे तो नसतो, आणि ओळखीच्या बर्मी कुटुंबाच्या घरी राहणं कायद्यात बसत नाही. पैसे वाचतील म्हणून असा आग्रह धरू नका. तुम्हाला फार तर बाहेर काढतील, पण चौकशीला त्या घरातल्या माणसांना जावं लागेल.

आडनावं वेगळी असलेल्या जोडप्यांना काळजी वाटते की लग्नाचा दाखला मागतील. आम्हाला एकदाही कुणी विचारलं नाही. बर्मी लोकांत आडनाव हा प्रकारच नसतो आणि लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. नवरा-बायकोची नावं न जुळणं हीच तिथली रीत. माझं माहेरचं नाव पासपोर्टवर पाहून दादरच्या बँकेत जितके प्रश्न विचारले गेले, त्यातला एकही बगानमध्ये आला नाही.

खोलीच्या भाड्यात बहुधा नाश्ता धरलेला असतो. पहाटे निघणार असाल तर आदल्या रात्री सांगा, डब्यात बांधून देतात. न सांगता निघालात तर दोघांचा नाश्ता गेला.

रात्रीच्या बसने भाडं वाचवणं

जुना सल्ला असा : रात्रीची बस घ्या, हॉटेलची एक रात्र वाचते. आम्ही तेच केलं. आमच्या वेळी त्याची किंमत एवढीच होती, की एसी बर्फासारखा, पहाटे चारला बगानबाहेर उतरायचं आणि खोली दुपारी मिळायची. त्यातच यांगूनचं आउंग मिंगला बसस्थानक शहराच्या पार उत्तर टोकाला, डाउनटाउनमधून टॅक्सीने तासभर सहज. तो वेळ न धरल्यामुळे आमच्यासमोर एका जोडप्याची बस सुटली.

आज मात्र प्रश्न थंडीचा नाही. रस्त्यावर तपासणी नाके आहेत, काही ठिकाणी चकमकी होतात. रात्री रस्त्यावर असूच नका. शक्य तिथे विमान घ्या : बगानसाठी न्याँग-ऊ, इन्लेसाठी हेहो. खर्च वाढेल. तो भरून काढायचा तर एक ठिकाण गाळा, पण रात्रीच्या बसने पैसे वाचवू नका.

बगानमध्ये दोघांत एक ई-बाइक

परदेशी पर्यटकाला तिथे मोटरसायकल भाड्याने देत नाहीत, बॅटरीवरची ई-बाइक देतात. मैदानभर विखुरलेली दोन हजारांहून अधिक देवळं पाहायला तीच खरी सोय. आम्ही एकच घेतली. डांबरी रस्त्यावर छान चालली. आनंद मंदिर झालं, सुलामनी झालं. मग धम्मयांजीकडून मागच्या वाटेला लागलो आणि वाळू सुरू झाली. दोघांच्या वजनाने मागचं चाक रुतायचं, मी उतरायचे, तो रेटायचा, मी पुन्हा बसायचे. सूर्य कलला तेव्हा बॅटरीची शेवटची रेघ लुकलुकत होती, आणि मग तीही गेली. आजूबाजूला विटांची देवळं, बाभळी, आणि एक गुराखी गाई घेऊन चाललेला. नशिबाने किल्लीच्या बिल्ल्यावर दुकानाचा नंबर होता. अर्ध्या तासाने एक पोरगा दुसरी गाडी घेऊन आला, आमची बंद गाडी स्वतः घेतली, आणि वर पैसे घेईना.

दोन गाड्या घ्या. दुकानदाराला बॅटरी पूर्ण भरलेली दाखवायला सांगा, नंबर लिहून घ्या, टॉर्च जवळ ठेवा. देवळांवर चढून सूर्योदय पाहायचे दिवसही संपले. २०१६ च्या भूकंपानंतर चढण्यावर बंदी आली. कुणी पोरगा चावी दाखवून 'वर नेतो' म्हणाला तरी नाही म्हणा. त्या विटा नऊशे वर्षांच्या आहेत.

दोरीवरचे कपडे

हे कुठल्या मार्गदर्शिकेत मी वाचलं नव्हतं. हात राखून फिरणारं जोडपं कपडे स्वतः धुतं, आम्हीही धुतले. इन्लेकाठी न्याँगश्वेला गेस्टहाउसच्या अंगणात दोरी होती, त्यावर मी माझी थमेन, म्हणजे तिथली बायकांची लुंगी, आणि आतले कपडे टाकले, नवऱ्याच्या शर्टाशेजारी. थोड्या वेळाने मालकीणबाई आल्या. काही बोलल्या नाहीत. माझे कपडे काढून मागच्या भिंतीलगतच्या बुटक्या दोरीवर नेऊन घातले आणि माझ्या दंडावर हात ठेवून हसल्या.

पुढे कळलं ते असं, की बाईच्या कमरेखालच्या वस्त्राखालून पुरुष गेला तर त्याचं तेज कमी होतं, अशी तिथे समजूत आहे. म्हणून बाईची थमेन पुरुषाच्या डोक्यावर येईल अशी वाळत घालत नाहीत. हीच समजूत २०२१ च्या मार्चमध्ये आंदोलक बायकांनी हत्यारासारखी वापरली : गल्ल्यांवर दोऱ्या बांधून थमेन टांगल्या, सैनिक त्यांच्याखालून जायला कचरले. मला ती मालकीणबाई आठवली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

देवळांतही जोडप्याला वेगळं व्हावं लागतं. मंडालेच्या महामुनी बुद्धाला, चाइत्तियोच्या सोनेरी शिळेला आणि इन्लेच्या फाउंग-डो-ऊमध्ये सोन्याचा वर्ख फक्त पुरुष लावू शकतात. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ साली बायकांना खुला झाला, हे आठवून मला त्या क्षणी राग आला. पण तिथे हुज्जत घालू नका. कुणी कुठे थांबायचं ते आधीच ठरवा, म्हणजे त्या पायरीवर आपसांत वाद होत नाही. बूट-मोजे दोन्ही काढायचे, गुडघे झाकायचे, बुद्धाकडे पाय किंवा पाठ करून फोटो काढायचे नाहीत. पायावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका स्पॅनिश पर्यटकाला २०१६ साली देशाबाहेर काढलं होतं. लाडात येऊन गळ्यात हात टाकणं चारचौघांत टाळा.

मंडालेत चुकीची इमारत

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. १९०८ ते १९१४ ते तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते. पण किल्ल्याचा बहुतेक भाग लष्कराकडे आहे. परदेशी माणसाने पूर्वेच्या दरवाजाने आत जायचं आणि ठरलेल्या वाटेनेच राजवाड्यापर्यंत. तुरुंगाची जागा शोधत इकडेतिकडे फिरू नका, सैनिकांचे फोटो तर नकोच.

आणि आत दिसतो तो राजवाडाही मूळचा नाही. १९४५ मध्ये तो जळला, आताचा नंतर उभारलेला. १८८५ साली इंग्रजांनी ज्या थिबा राजाला पकडून पुढे रत्नागिरीत ठेवलं, त्याच्या काळचं खरं लाकूडकाम श्वेनांडो मठात आहे. हा मठ म्हणजे मुळात राजवाड्यातला त्याच्या वडिलांचा महाल. ते वारल्यावर थिबाने तो राजवाड्याबाहेर हलवला, म्हणून आगीतून वाचला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहिलेल्याने वेळ इथे द्यावा. भूकंपानंतर काय उघडं आहे, ते आदल्या दिवशी हॉटेलात विचारा.

शाकाहारी जोडीदार उपाशी राहणं

'नो मीट' म्हणून भागत नाही. भाजीत माशाचं सॉस किंवा ङापी, म्हणजे आंबवून वाटलेली मासळी, असतेच. शब्द पाठ करा : तेत्-तत्-लुत्. 'हत्येवाचूनचं' असा त्याचा अर्थ, आणि तो उच्चारला की स्वयंपाकघरात लगेच कळतं. शान लोकांचा 'तोहू न्वे' जरूर खा. सोयाबीनचा नव्हे, हरभऱ्याच्या पिठाचा. वाडग्यात गरम, पिवळं, पातळ पिठलंच, खाली तांदळाच्या शेवया, वरून तीळ आणि तिखट. वर मटण-चिकन घालू नका एवढं सांगायचं.

चहाच्या टपरीवर बसलात की न मागता समोसे आणि पलाटाच्या (पराठ्यासारखा प्रकार) बश्या पुढ्यात येतात. फसवणूक नाही ती. खाल्लं तेवढंच मोजतात. थर्मासमधला कोरा चहा फुकट.

फोन आणि बोलणं

२०२१ पासून फेसबुक बंद आहे, व्हॉट्सअॅपचा भरवसा नाही, आणि बंद साइट उघडणारं व्हीपीएन आहे का, हे पाहायला नाक्यांवर फोन तपासले जातात. घरच्यांना निघण्याआधीच सांगा की रोज फोन येईलच असं नाही, म्हणजे आई घाबरणार नाही. घड्याळ आपल्यापेक्षा तासभर पुढे.

टॅक्सीवाल्याला, वेटरला लष्कराबद्दल काय वाटतं ते विचारू नका. २०२४ पासून तरुणांना सक्तीने सैन्यात नेतात. तुमच्या कुतूहलाची किंमत त्याला पडू शकते. त्याला सांगायचं असेल तर तो आपण होऊन सांगतो, हळू आवाजात. खर्च करतानाही पाहा की पैसा कुणाकडे जातो. मायटेलच्या सिमकार्डात आणि म्यानमार बिअरमध्ये लष्कराच्या कंपन्यांचा हिस्सा आहे. नावाड्याला, गेस्टहाउसला, बाजारातल्या बाईला दिलेला पैसा घरात जातो.

उरलेले च्यात भारतात कुणी घेत नाही. शेवटच्या सकाळी आम्ही सगळे काढून मोजले आणि यांगूनच्या बाजारात दोन लुंग्या घेतल्या, एक पुरुषाची, एक बाईची. घरी त्या अजूनही वेगवेगळ्या दोऱ्यांवर वाळतात.