व्हिस्कीची चव कशी घ्यावी आणि तिचे परीक्षण कसे लिहावे

डिस्टिलरीचे, म्हणजे व्हिस्की गाळणाऱ्या कारखान्याचे, नाव वाचले की नाक जे शोधायला बसते, तेच त्याला सापडते. परीक्षण मात्र समोरच्या एका बाटलीचे करायचे असते. स्वतंत्र बॉटलरांच्या व्हिस्कीबाबत तर हे विसरून चालतच नाही.

हे बॉटलर बहुधा स्वतः व्हिस्की गाळत नाहीत. डिस्टिलरीकडून किंवा दलालाकडून भरलेली पिंपे घ्यायची, हवी तितकी मुरवायची आणि आपल्या नावाने बाटलीत भरायची, असा हा धंदा. स्कॉटलंडमध्ये तो जुना आहे. कॅडनहेड १८४२ पासूनचे, तर एल्गिनचे गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ पासूनचे. डिस्टिलरी अनेक पिंपे एकत्र करून दर वेळी तीच चव साधते. बॉटलर बऱ्याचदा एकच पिंप भरतो, त्यामुळे एकाच डिस्टिलरीच्या त्याच्या दोन बाटल्या एकमेकींना ओळखही देणार नाहीत.

ओतण्याआधी

लेबलावरचा एकच आकडा पाहा : अल्कोहोलचे प्रमाण. बाकीचे नंतर. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. २००१ मध्ये आलेला ‘ग्लेनकेर्न’ ग्लास याचसाठी लोकप्रिय झाला. पंधरा-वीस मिलिलिटर पुरतात, आणि एका बैठकीत तीन-चार नमुन्यांपुढे जाऊ नये. त्यापुढची टिपणे व्हिस्कीबद्दल नसतात, पिणाऱ्याबद्दल असतात. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकून टाकतात, त्यात कमीपणा काही नाही. गाडी चालवायची असेल तर चाखूच नका.

वास

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. दहा मिनिटे ग्लास तसाच राहू द्या, मग तोंड किंचित उघडे ठेवून हळूच वास घ्या. नाक थेट ग्लासात घातले तर अल्कोहोल झोंबतो आणि पुढचे काहीच कळत नाही. आधी ढोबळ गट ठरवा : फळ, धान्य, लाकूड, मसाला, धूर. मगच बारकाईत शिरा. ‘फळ’ एवढेच सुचले तर तेवढेच लिहा. एका ओळीत नऊ वास कोंबलेली टिपणे मला तरी संशयास्पद वाटतात.

घोट आणि पाणी

पहिला घोट जिभेला सरावू देण्यासाठी. त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात फिरवा. तो पातळ आहे की तेलकट, गोड की तुरट, हे नोंदवा. गिळल्यावर काय उरते, किती वेळ उरते आणि कडवट होत जाते का, हेही लिहा.

मग पाणी. ५७ टक्क्यांची २० मिलिलिटर व्हिस्की साधारण ४६ टक्क्यांवर आणायला जेमतेम एक छोटा चमचा पाणी लागते. ते थेंबाथेंबाने घाला, कारण घातलेले पाणी परत काढता येत नाही. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीवरून दाखवले, की पाणी घातल्यावर धुराच्या वासाशी निगडित ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. पाण्याआधीची आणि नंतरची टिपणे वेगळी ठेवा.

आता लेबल

स्कॉचला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हे बंधन आहे. छापलेले वय आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. रंगावर विसंबू नका, कारण कॅरमेल रंग घालायला परवानगी आहे. धुराचा पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आकडाही फसवा : तो सहसा गाळण्याआधीच्या माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यावर, मोजलेला असतो, बाटलीतल्या द्रवावर नाही.

खरी माहिती पिंपाची. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचे बॅरल सुमारे २०० लिटरचे, ‘हॉग्जहेड’ पिंप २५०, शेरी या स्पॅनिश वाइनचे ‘बट’ पिंप ५००. पिंप जितके लहान, तितका व्हिस्कीला लाकडाचा स्पर्श जास्त. व्हॅनिला आणि खोबऱ्याची छटा अमेरिकन ओक देतो. आधी एकदा स्कॉचसाठी वापरून झालेले, म्हणजे ‘रिफिल’ पिंप कमी बोलते आणि डिस्टिलरीला बोलू देते.

म्हणूनच माझ्या मते सर्वांत शिकवणारी पद्धत म्हणजे जोडी लावणे. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या कल ईला डिस्टिलरीची व्हिस्की घ्या. डिस्टिलरीची १२ वर्षांची बाटली ४३ टक्क्यांची असते. शेजारी एखाद्या बॉटलरची, रिफिल हॉग्जहेडमधली, पाणी न घालता भरलेली कल ईला ठेवा आणि पाणी घालून तीही ४३ च्या आसपास आणा. दोन्हींत जे सारखे लागेल त्याचे श्रेय बहुधा डिस्टिलरीला, जे वेगळे लागेल त्याचे बहुधा पिंपाला. दोन बाटल्यांवरून नियम निघत नाही, पण अंदाज बांधता येतो.

परीक्षण लिहिताना

डिस्टिलरी, बॉटलर, गाळल्याचे व भरल्याचे वर्ष, पिंपाचा प्रकार आणि क्रमांक, टक्के हे सगळे वर द्या. एका पिंपाची बाटली असेल तर क्रमांक हवाच; त्याशिवाय वाचकाला नेमकी तीच बाटली सापडणार नाही. गुण टिपणे झाल्यावर द्या आणि तुमच्या शंभरपैकी ८० चा अर्थ काय ते एकदा सांगून टाका. नमुना फुकट मिळाला असेल तर तेही लिहा.

बाटली अर्धी झाली की पुन्हा चाखा. आत शिरलेल्या हवेने चव बदलते, कधी उघडते, कधी मरगळते. बाटली कधी उघडली आणि चाखताना ती किती भरलेली होती, हेही परीक्षणात नोंदवा.