पावसाळ्यात पक्षी ओळखायचाय? मग रंग सगळ्यात शेवटी बघा

मृग लागला की पार दसऱ्यापर्यंत लोक फोटो पाठवून विचारायलेत, हा कोणता नवीन पक्षी आलाय आमच्या शेतात, ॲपमध्ये सापडंना. आणि बहुतेक वेळा तो नवीन बिवीन नसतो, आपल्याच बांधावरच्या पक्ष्याचं उडायला लागलेलं पिल्लू असतं, अंगानं आईबापाएवढं झालेलं पण पिसं अजून पहिलीच. म्हणून माझं सांगणं एकच, या चार महिन्यांत रंगावरून सुरुवात करूच नका.

आधी चोच बघायची. चोचीचे दोन्ही कोपरे पिवळसर, जाड, मांसल दिसले की पिल्लू असणार हे जवळपास नक्की. चिमणीत हे लय सोपं जातं, पंख थरथरवत दुसऱ्या चिमणीपुढं तोंड वासून बसलेली दिसली की संपलं. फक्त तेव्हा नर का मादी ते ठरवायला जाऊ नका, कारण नराचं पिल्लूही आईसारखंच भुरं असतं, गळ्यावरचा काळा डाग नंतर येतो.

मग पिसं. घरटं म्हणजे साप, मांजर, कावळा सगळ्यांना सापडू शकणारी जागा, तिथून जेवढं लवकर निघता येईल तेवढं बरं, त्यामुळं पिल्लाची पहिली पिसं घाईत उगवतात. विरळ, मऊ, जरा भुसभुशीत, शेपटीच्या बुडाशी तर हे स्पष्ट दिसतं. पुष्कळ पिल्लांच्या पाठीवर पिसांच्या कडा फिकट असतात म्हणून खवल्याखवल्याची नक्षी दिसते. फोटो झूम करून पंखही बघा, पिल्लाची पंखातली सगळी पिसं एकदाच आलेली असतात म्हणून सारखीच ताजी दिसतात, मोठ्याच्या पंखात पुष्कळदा झिजलेलं जुनं आणि गडद नवं अशी सरमिसळ असते.

तारेवरचा वेडा राघू घ्या. शेपटीतून निघालेल्या दोन लांब काड्या नाहीत आणि गळ्यावरची काळी रेघही नाही, म्हणजे पिल्लू.

डोळा विसरू नका. शिक्र्याचा मोठा नर वरून राखाडी, डोळा लाल, छातीवर बारीक आडवे तांबूस पट्टे. पिल्लू वरून तपकिरी, डोळा पिवळा आणि छातीवर उभे ठिपके, बघणाऱ्याला वेगळाच ससाणा वाटावा इतका फरक. सगळ्यात जास्त फसवतो तो रातबगळा, मोठा राखाडी-काळा, लाल डोळ्याचा, आणि पिल्लू तपकिरी अंगावर पांढरे थेंब, डोळा पिवळट-नारिंगी. लोक त्याला ढोकरी, म्हणजे पाण्याकाठचा छोटा भुरा बगळा, म्हणून मोकळे होतात. उडेपर्यंत थांबा, ढोकरी उडाली की पंख पांढरेशुभ्र दिसतात, रातबगळ्याच्या पिल्लाचे तपकिरीच राहतात.

आता असं का, हे कळलं की ओळखणं आपोआप सोपं होतं. पहिलं कारण लपणं. ज्याला नीट उडता येत नाही, पळता येत नाही, त्याला मातीच्या, पाचोळ्याच्या रंगात राहणंच परवडतं. दुसरं कारण खाणं. काळा, तपकिरी रंग शरीर स्वतः बनवतं पण पिवळा, केशरी, गुलाबी यातला बराचसा रंग खाण्यातून यावा लागतो. नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, हिवाळ्यात येणारे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, त्यांची पिल्लं राखाडी असतात आणि शेवाळ, बारीक झिंगे यातली रंगद्रव्यं अंगात मुरून गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. थव्यात मळकट राखाडी दिसले तर ते आजारी नाहीत, लहान आहेत. तिथंच येणाऱ्या पट्टकदंब हंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे नसले तर तोही त्याच साली जन्मलेला.

तिसरं कारण मला स्वतःला लय पटतं. भडक रंग म्हणजे जागेवर आणि मादीवर हक्क सांगणं, मग दुसरा नर मारायला धावणारच. पिल्लू मादीसारखं फिकं राहिलं की मोठे नर त्याला गणतीत धरत नाहीत, निवांत खाऊन वाढू देतात. बीडच्या नायगाव मयूर अभयारण्यात गेलात तर पिसारा नसलेल्या प्रत्येकाला लांडोर समजू नका, त्यात तरुण मोरही असतात, पिसारा दुसऱ्या वर्षापासून यायला लागतो आणि पूर्ण भरायला चारेक वर्षं जातात. शिवाय पावसाळा सरता सरता मोठे मोरही पिसारा गाळतात.

कोकिळेचं मात्र उलटं आहे आणि म्हणूनच बघण्यासारखं आहे. कोकिळा ठिपक्याठिपक्यांची तपकिरी, पण आपल्याकडं तिचं पिल्लू काळपट असतं, चोचही काळी, कारण वाढायचं कावळ्याच्या घरट्यात. लिंबावर कावळा एखाद्या काळ्या पिल्लाला भरवताना दिसला तर घाई करू नका, शेपटी नीट बघा, लांबुळकी वाटली आणि अंगावर फिकट ठिपके दिसले तर ते कोकिळेचं.

हा रंग बदलतो कसा तर पीस वाढून पूर्ण झालं की ते नखासारखं निर्जीव असतं, त्यात नंतर रंग भरत नाही. जुनं गळून नवं आलं तरच नवा रंग. चिमणीचं पिल्लू पहिल्या काही महिन्यांतच सगळी पिसं बदलतं. पोपटाच्या नराला मात्र कंठ, म्हणजे गळ्याभोवतीचं कडं, यायला दीड ते तीन वर्षं लागतात, तेव्हा बिनकंठाचा म्हणजे मादीच असं नाही (आणि कंठवाला असो का बिनकंठाचा, पिंजऱ्यात पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, बाजारात कुणी काहीही सांगो). एक सावधगिरी, शिंजिराचा, म्हणजे फुलातला मध पिणाऱ्या त्या इवल्या पक्ष्याचा, मोठा नरसुद्धा विणीचा हंगाम संपला की जांभळा रंग टाकून पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी पट्टी उरते, त्याला लगेच पिल्लू ठरवू नका.

शेवटचं टिटवीबद्दल, कारण ते पेरणीच्या दिवसांत कामाला येतं. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर लगेच चालतं आणि धोका वाटला की ढेकळांत दबून बसतं, मातकट अंगावर काळे ठिपके, दोन पावलांवर असून दिसत नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायली म्हणजे ते जवळपासच आहे. उचलू नका, घरी नेऊ नका, ट्रॅक्टर असेल तर जरा थांबवा, खाली बघत बघत बाजूला व्हा आणि कुत्रं सोबत असलं तर त्याला धरून ठेवा, तुम्ही लांब गेलात की आई बोलावते आणि ते उठून तिच्याकडं पळतं.