चढ आणि एक बिंदू माहीत असताना रेषेचे समीकरण कसे काढावे

दहावीच्या भूमितीत दोन बिंदूंवरून रेषेचा चढ काढायला शिकवतात, आणि रेषेचे समीकरण त्याच सूत्रातून निघते. त्यासाठी अकरावीत वेगळे सूत्र पाठ करण्याची खरे तर गरज नाही. चढ म आणि रेषेवरचा एक बिंदू (अ, ब) माहीत असेल, तर रेषेवरचा दुसरा कोणताही बिंदू (क्ष, य) घेतला तरी (य − ब) ÷ (क्ष − अ) = म हेच येते. दोन्ही बाजूंना छेदाने गुणले की समीकरण तयार होते:

य − ब = म(क्ष − अ)

या रूपात (अ, ब) हा बिंदूही बसतो. भागाकारात तो ठेवला असता छेद शून्य झाला असता.

समजा, वरुड-मोर्शी भागात संत्र्याच्या बागेला ओलीत सुरू आहे, मोटर लावल्यापासून विहिरीतले पाणी तासाला २ फूट उतरते आणि ३ तासांनी दोरीला दगड बांधून मोजले तेव्हा ते १४ फूट भरले. क्ष म्हणजे तास आणि य म्हणजे पाण्याची खोली. पाणी उतरत असल्याने चढ −२, आणि बिंदू (३, १४).

य − १४ = −२(क्ष − ३)
य − १४ = −२क्ष + ६
य = −२क्ष + २०

कंस सोडवताना −२ आणि −३ यांचा गुणाकार +६ येतो, आणि चिन्हाची चूक सहसा इथेच होते. मोटर लावली तेव्हा २० फूट पाणी होते आणि १० तासांनी विहीर तळाला जाईल, हे आता मोजल्याशिवाय कळते. अर्थात झरे जिवंत असतील, तर उतरण्याचा वेग बदलत जातो आणि आलेख सरळ राहत नाही.

चढ अपूर्णांकात असेल, तर आधी छेदाने गुणून घ्यावे. चढ ३/४ आणि बिंदू (−२, ५) असताना ४(य − ५) = ३(क्ष + २), म्हणजेच ३क्ष − ४य + २६ = ०. कंसात +२ आले, कारण −२ वजा केले आहेत.

ताळा करताना बिंदू समीकरणात घालून पाहावाच, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण चढ चुकीचा घेतला असला तरी बिंदू बिनबोभाट बसतो. म्हणून तयार समीकरणातून य वेगळा करून क्ष चा सहगुणकही पाहावा. इथे तो ३/४ येतो.

उभ्या रेषेला मात्र चढच नसतो, तेव्हा तिथे सरळ क्ष = अ लिहावे.