जॉर्ज विटेटची कारकीर्द पायी वाचायची असेल तर

माझी पुतणी ऐरोलीला राहते, आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा काढणाऱ्या जॉर्ज विटेट या वास्तुविशारदावर निबंध लिहायचा होता. त्याच्या इमारतींची यादी घेऊन ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, आता पुढे काय लिहू?" मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. तिला म्हटलं, यादी राहू दे, शनिवारी माझ्याबरोबर चल. त्या दिवशी जे केलं ते इथे सांगतो, तुम्हालाही करता येईल.

शनिवारच निवडा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. ठाण्याहून सकाळची फास्ट धरा. सोबत पेन्सिल, वही, पाणी आणि डबा.

पहिला नियम असा, की सुरुवात गेटवेपासून करायची नाही. मी पूर्वी एकदा थेट तिथेच गेलो होतो, गर्दीत तासभर उभा राहिलो आणि हाती काही लागलं नाही. माणूस ज्या क्रमाने शिकला त्या क्रमाने जा. विटेट १८७८ साली स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉलला जन्मला आणि १९०४ मध्ये मुंबईत वास्तुविशारद जॉन बेगच्या हाताखाली आला. म्हणून सीएसएमटीला उतरल्यावर आधी बेगचं जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरी, पाहा. ते १९१३ मध्ये पूर्ण झालं. मधल्या हॉलमध्ये उभं राहून मान वर करा. विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला घुमट टपाल कचेरीवर चढवलाय. विटेटला वरिष्ठाकडून मिळालेला धडा तो हाच.

तिथून फोर्टमधून चालत म्युझियमला या. पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०९ च्या स्पर्धेत विटेटचा आराखडा निवडला गेला. बागेत लांब उभं राहा, हात सरळ ताणून पेन्सिल उभी धरा आणि अंगठ्याने घुमटाची उंची पकडा. तेच माप खालच्या भिंतीवर किती वेळा बसतं ते मोजा आणि वहीत लिहा. फोटोत हे प्रमाण कळत नाही, कारण कॅमेरा वरचा भाग बारीक करून टाकतो. मग आत जा. घुमटाखाली वरच्या मजल्यावर लाकडी कमानींचं वर्तुळ आहे. ते काम विटेटने नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन इथे बसवलं. पुतणी त्या खांबांपाशी किती तरी वेळ उभी होती. माझं मत विचाराल तर त्याची सगळ्यात प्रेमाने केलेली निवड हीच. ज्या सुतारांनी ते लाकूड घडवलं त्यांची नावं मात्र कुठे दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या निबंधात त्यांच्यासाठी एक ओळ ठेवा.

आता गेटवे. आराखडा १९१४ चा, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. पिवळसर बेसाल्ट, गुजरातच्या धाटणीच्या कमानी, जाळ्या ग्वाल्हेरच्या. पाठ समुद्राकडे करून समोरच्या रस्त्याकडे पाहा. कमान रस्त्याच्या रेषेत नाही, तिरकी आहे. सरळ येणारा रस्ता ठरला होता, पैशांअभावी तो झालाच नाही. कागदावरचं आणि जमिनीवरचं यांतलं अंतर शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

डबा खाऊन परत फोर्टात शिरा, होमी मोदी स्ट्रीटवरच्या बाँबे हाउसपाशी, म्हणजे टाटांच्या मुख्य कचेरीपाशी. विटेट १९१९ मध्ये सरकारी काम सोडून टाटांकडे गेला. ही इमारतही त्याचीच आणि १९२४ चीच, पण घुमट नाही. मग बॅलार्ड इस्टेट, तिचा आराखडाही विटेटचाच. पोर्ट ट्रस्टने गोदीच्या खोदकामातून निघालेली माती टाकून ही जमीन तयार केली होती. इथे सगळ्या इमारती जवळपास एका उंचीच्या, थेट युरोपातल्यासारख्या. विजापूरचा मागमूस नाही.

पुतणीने विचारलं, "माणूस एकच ना, मग असं कसं?" वहीत प्रत्येक इमारतीपुढे मी तिला एकच गोष्ट लिहायला लावली: पैसा कोणाचा. सरकारला आपण इथल्याच मातीतले आहोत असं दाखवायचं होतं, म्हणून घुमट आणि जाळ्या. पोर्ट ट्रस्टला व्यापारी बंदराचा रुबाब हवा होता. हा एक रकाना भरला की निबंध आपोआप उभा राहतो.

शेवटी सीएसएमटीहून हार्बरने शिवडी. विटेट १९२६ मध्ये पन्नाशी गाठायच्या आत आमांशाने मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं. व्हीटी, म्हणजे आताचं सीएसएमटी, बांधणारा स्टीव्हन्सही तिथेच आहे. गेटवरच्या माणसाला विचारून आत जा, आवाज न करता. परतीला नवी मुंबईकरांनी वाशी-पनवेलची गाडी धरावी, ठाणेकरांनी कुर्ल्याला बदलावं. आम्ही कुर्ल्याच्या पुलावर होतो तेव्हा पुतणी वही उघडून तो रकाना पुन्हा तपासत होती.